हेडफोनची केबल घरी बनवताना: पिनेचं सोल्डरिंग

एका कानातला आवाज गेला. पिन अंगठ्याने दाबून धरली की परत आला. चार दिवसांनी दाबूनही येईना. हेडफोन मरतात ते बहुधा असे. कानावरच्या स्पीकरला काहीच झालेलं नसतं. पिनेच्या मागे बोटभर अंतरावर, जिथे केबल रोज वाकते, तिथे आतली तार तुटलेली असते. केबल सुटी निघत असेल तर नवी विकत मिळते, पण ती एकतर तीन मीटर लांब असते आणि खुर्चीच्या चाकाखाली येते, किंवा इतकी आखूड की मान वळवली तर लॅपटॉप सोबत वळतो. हवी तेवढी, हवी तशी केबल घरी बनवता येते. एक संध्याकाळ पुरते. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन संध्याकाळी धराव्यात.

या लेखात एकच केबल शेवटपर्यंत बनवू: लांबी दीड मीटर, दोन्ही टोकांना ३.५ मिमीची स्टिरिओ पिन. फिलिप्सच्या एसएचपी९५०० सारख्या, डाव्या वाटीत, म्हणजे कानावर बसणाऱ्या कपात, साधं ३.५ मिमीचं सॉकेट असलेल्या हेडफोनला ती चालते. बाकीचे कनेक्टर शेवटी पाहू. आणि शब्दांचा घोळ आधीच मिटवू: दुकानात ‘जॅक द्या’ म्हटलं तर कधी पिन हातात येते, कधी सॉकेट. इथे जी टोचते ती पिन, आणि जिच्यात टोचते ते सॉकेट.

कल्हईवाल्याकडून शिकण्यासारखं

पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सोल्डरिंगचं निम्मं शास्त्र आधीच माहीत आहे. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवतो, आत नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, आणि मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला नुसती टेकवतो. कथील वितळतं ते भांड्याच्या तापाने. मग कापसाच्या बोळ्याने तो ते पुसत नेतो आणि क्षणात सगळं भांडं चकाकतं. कथील आधी वितळवून भांड्यात ओतलं असतं, तर त्याच्या गोळ्या होऊन पडल्या असत्या.

पिनेला तार जोडतानाही असंच आहे. आयर्नच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या तापत्या दांडीच्या, टोकावर सोल्डरचा (जोडायच्या मऊ मिश्रधातूचा) थेंब घ्यायचा आणि तो जोडावर नेऊन ‘चिकटवायचा’, ही सवय बहुतेकांना असते. मलाही होती. तसा जोड दिसतो बरा, पण खालचा धातू गार असतो आणि सोल्डर त्यावर दव बसावं तसं बसलेलं असतं. महिनाभरात तो सुटतो. ताप धातूला द्यायचा, आणि धातूने सोल्डर वितळवायचं.

नवसागराची जागा इथे राळ घेते. सोल्डर वायरच्या पोटात ती भरलेलीच असते. तापली की धातूवरचा गंज खाते आणि सोल्डरला पसरायला वाट करून देते. मात्र नवसागर किंवा नळकामाची आम्लाची पेस्ट इथे चुकूनही वापरू नका. भांडं नंतर धुतलं जातं, केबलच्या आतली तार कोणी धूत नाही. उरलेलं आम्ल तांबं खात राहतं, आणि काही महिन्यांनी सोललेल्या टोकाशी हिरवी भुकटी सापडते.

सामान

आयर्न २५ वॉटचं चालतं, घराघरांत असतं तसलं सोल्ड्रॉनचं साधंसुद्धा. तापमान ठरवता येणारं असेल तर सुख आहे. ३४० ते ३५० अंश सेल्सिअसला ठेवा. टोक, म्हणजे दुकानदार ज्याला बिट म्हणतो ते, सुईसारखं घेऊ नका. बारीक कामाला बारीक बिट हवी असं वाटतं, पण सुईच्या टोकातून उष्णता जातच नाही. जोड तापायला वेळ लागतो आणि तोवर बाजूचं प्लॅस्टिक वितळतं. दोन मिमीच्या आसपास रुंदीची, छिन्नीसारखी चपटी बिट बरी.

सोल्डर ६३/३७ प्रमाणाचं घ्या, जाडी ०.७ किंवा ०.८ मिमी. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं या प्रमाणाची गंमत अशी की ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. मधली लापशीसारखी अवस्था जवळजवळ नसते. ६०/४० मध्ये ती थोडी असते, आणि नेमक्या त्या क्षणी हात हलला की जोड बिघडतो. बिनशिशाचं सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. पहिल्या पिनेवर ते वापरून स्वतःचा अंत पाहू नका.

शिशाविषयी दोन शब्द. डोळ्यांत जाणारा धूर हा शिशाचा नसतो, राळेचा असतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. पण राळेचा धूर दमा असलेल्याला त्रासदायकच आहे, आणि नसलेल्यालाही वारंवार घेतला तर लागू शकतो. खिडकी उघडी ठेवा, छोटा पंखा असा लावा की धूर तोंडापासून बाजूला जाईल. शिसं पोटात जातं ते हातांवाटे, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मधे चहा-बिस्किटं घ्यायची नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तर हे काम करायचंच नाही.

केबलसाठी मला चार गाभ्यांची, म्हणजे आत चार वेगळ्या तारा असलेली, मायक्रोफोनची केबल आवडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात ती मीटरवर कापून मिळते. मोगामी, कॅनरे ही या कामातली जुनी जपानी नावं, पण साधी केबलही चालते, फक्त आतली तार अनेक बारीक तारांची हवी. एकसंध जाड तार रोज वाकवली की तुटणारच. जाडी विकत घेण्याआधी पाहा: स्टुडिओची बरीच माइक केबल ६ मिमी जाड असते आणि ३.५ मिमीच्या कित्येक पिनांच्या कव्हरमधून ती जातच नाही. शक्य असेल तर पिन खिशात घेऊनच केबल घ्यायला जा.

तांबं की चांदी, हा वाद दुकानात कोणी काढला तर हसून पुढे जावं. चांदी तांब्यापेक्षा वीज वाहून नेण्यात ५-६ टक्क्यांनीच सरस आहे. २६ गेजच्या (गेज हे तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम, दीड मीटर जाणं आणि दीड मीटर येणं धरून ०.४ ओहम होतो. ३२ ओहमच्या हेडफोनला यामुळे फरक पडतो तो जेमतेम ०.१ डेसिबलचा. तोच पैसा चांगल्या पिनेवर घाला. पिन ही रोज झिजणारी वस्तू आहे. न्यूट्रिक, रीन, अँफिनॉल यांच्या पिनांचे आटे नीट बसतात आणि आतलं प्लॅस्टिक ताप सोसतं. अगदी स्वस्त पिनेत ते पहिल्या दोन सेकंदांत मेणासारखं मऊ होतं.

याशिवाय वायर सोलायचं साधन, छोटी कटर पक्कड, दोन-तीन मापांच्या श्रिंक स्लीव्ह (तापवल्या की आक्रसून घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या), कंटिन्युइटीला, म्हणजे वाट अखंड असली की, बीप देणारा मल्टिमीटर, आयर्न पुसायला पितळी काथ्या किंवा ओला स्पंज. आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. त्यांचं काम पुढे येईल.

पिनेचा नकाशा

मोठी, ६.३५ मिमीची पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. ऑपरेटर बाई बोर्डावर जी टोचायच्या तीच. टोकाला टिप, मधल्या पट्टीला रिंग आणि मागच्या लांब भागाला स्लीव्ह, ही नावंही तिथलीच. आपली ३.५ मिमीची पिन तिचंच धाकटं रूप. टिप डावा कान, रिंग उजवा कान, स्लीव्ह दोघांची परतीची वाट, म्हणजे ग्राउंड.

कव्हर उघडलं की मागे तीन जागा दिसतात. सर्वांत लांब पत्ती, जिच्या शेवटी केबल आवळायच्या दोन पाकळ्या असतात, ती स्लीव्ह. उरलेल्या दोन छोट्या पत्त्यांपैकी टिपची कोणती आणि रिंगची कोणती हे कंपनीगणिक बदलतं. डोळ्यांनी ठरवू नका. मल्टिमीटरची एक सळई पिनेच्या टोकावर, दुसरी पत्तीवर. बीप आली ती टिपची. कागदावर काढून ठेवा. सोल्डरिंग करताना पिन उलटी धरली जाते आणि आठवण दगा देते.

रंग ठरवून टाका. माझ्याकडे लाल नेहमी उजवा, कारण जगभर तसंच आहे. पांढरा डावा, उरलेले दोन ग्राउंड. कॅनरेच्या चार गाभ्यांच्या केबलमध्ये दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या तारा असतात, रंगावरून चारही वेगळ्या ओळखू येत नाहीत. तिथे दोन्ही निळ्या ग्राउंडला द्यायच्या, आणि दोन पांढऱ्यांपैकी कोणती कोणती हे दुसऱ्या टोकाशी मीटरने शोधून एकीला खुणेची श्रिंक स्लीव्ह चढवायची.

ग्राउंडला दोन तारा का, एक का नाही? दोन्ही कानांचा प्रवाह त्याच वाटेने परत येतो. ती वाट बारीक असली तर डाव्याचा थोडा आवाज उजव्यात झिरपतो. वाट रुंद केली की झिरपणं कमी होतं. तार हाताशी आहेच, तर वापरावी.

कापणं आणि सोलणं

केबल दीड मीटरला दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापा. एक जोड फसला तर टोक छाटून पुन्हा करता आलं पाहिजे.

आता या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य: पिनेचं कव्हर आधी केबलमध्ये ओवा. स्प्रिंग असेल तर तीही, श्रिंक स्लीव्हही. तोंड बरोबर दिशेला आहे ना ते पाहा, म्हणजे आट्यांची बाजू पिनेकडे. जोड झाल्यावर कव्हर मागून चढवता येत नाही. हे मी इतक्या वेळा विसरलोय की आता कव्हर ओवून त्याच्यामागे कपड्यांचा चिमटा लावल्याशिवाय आयर्नचं बटणच दाबत नाही. दुसऱ्या टोकाला तर जास्तच सांभाळायचं, कारण पहिली पिन बसलेली असते आणि सुटका करून घ्यायला तीच कापावी लागते.

बाहेरचं आवरण १२ ते १५ मिमी सोला. ब्लेड आवरणाभोवती हलकं फिरवायचं, पूर्ण कापायचं नाही. मग तिथे केबल वाकवली की ते स्वतः फाटतं. आतल्या तारेला चरा पडला तर ती तार उद्या तिथेच तुटेल, म्हणून चरा दिसला की टोक छाटा आणि पुन्हा सोला. आत तारांची विणलेली जाळी असेल तर मागे वळवून पीळ द्या. या केबलला तिची गरज नाही. फारतर प्लेअरच्या बाजूच्या पिनेत ती स्लीव्हला जोडा आणि हेडफोनच्या बाजूला आवरणाशी छाटून वर श्रिंक स्लीव्ह चढवा. जाळीचा सुटलेला एक केस टिपला टेकला तरी कान गप्प होतो.

गाभ्यांची लांबी पट्टीने मोजू नका, पिनेवर धरून पाहा. केबलचं आवरण दोन पाकळ्यांमध्ये येईल अशी पिन शेजारी धरली की प्रत्येक तार कुठवर जायला हवी ते दिसतं. जास्तीची छाटा. मग टोकाचं इन्सुलेशन फक्त ३ मिमी काढा. तार लांब उघडी राहिली की शेजारणीला भेटते.

तारेला आणि पत्तीला कल्हई

आयर्न तापला की बिटवर थोडं सोल्डर वितळवा आणि काथ्यात पुसा. बिट चांदीसारखी चमकली पाहिजे. काळी बिट कितीही तापली तरी उष्णता देत नाही. नवशिक्यांच्या अर्ध्या तक्रारी ‘सोल्डर धरतच नाही’ अशा असतात आणि त्यामागे काळी बिट असते.

सोललेल्या तारांना त्यांच्या मूळ पिळाच्याच दिशेने पीळ द्या. बिट तारेच्या खालून टेकवा, सोल्डर वरून. एखाद-दोन सेकंदांत तार सोल्डर पिऊन घेते. तारांच्या रेषा अजून दिसत असतील तर प्रमाण बरोबर. टोकाशी गोळा झाला असेल तर जास्त झालं. आयर्न लगेच काढा, नाहीतर इन्सुलेशन मागे आक्रसत जातं. दोन ग्राउंड तारा एकत्र पिळून मग कल्हई करा.

आता पिन. हातात धरून हे होत नाही. जुन्या निकामी यंत्रातलं एखादं सॉकेट मिळालं तर पिन त्यात टोचा. पट्ट्या जागच्या जागी राहतात, आतलं प्लॅस्टिक मऊ झालं तरी पिन वाकडी होत नाही, आणि सॉकेटचा धातू जास्तीचा ताप ओढून घेतो. सॉकेट नसेल तर लाकडाच्या तुकड्यात ३.५ मिमीचं भोक पाडा. चालू अँप्लिफायरचं सॉकेट यासाठी वापरणाऱ्याला काय म्हणावं!

पत्त्यांवर सोल्डर देण्याआधी स्लीव्हच्या पत्तीची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने दोन-तीनदा घासा. वरचा मुलामा सोल्डरला पटकन धरत नाही. मग बिट चपटी टेकवून पत्ती तापवा, सोल्डर बिटला नव्हे, पत्तीला लावा. ते पसरून पातळ थर झाला की झालं. स्लीव्हची पत्ती पिनेच्या सगळ्या अंगाला जोडलेली असल्याने वेळ घेते, चार-पाच सेकंदही. टिप आणि रिंगच्या पत्त्या दोन सेकंदांत होतात. एक झाली की पिन गार होऊ द्या, मग दुसरी. सलग तिन्ही तापवल्या की आतले प्लॅस्टिकचे कडे मऊ पडतात आणि टिप आणि रिंग आतून एकमेकांना टेकतात. अशी पिन बाहेरून निर्दोष दिसते. तार जोडण्याआधी तिन्हींमध्ये एकमेकांशी बीप येत नाही ना, हे मीटरने एकदा तपासून घ्या. एक मिनिट जातं, पण नंतरचा तासभराचा शोध वाचतो.

जोड

केबल दुसऱ्या चिमट्यात धरा, अशी की तार पत्तीवर आपोआप टेकलेली असेल. ती दाबून धरावी लागत असेल तर लांबी चुकली आहे. दोन हात आयर्न आणि सोल्डरला लागतात, तिसरा हात चिमट्याचा.

आधी टिपची तार, मग रिंगची, शेवटी स्लीव्ह. दोन्हींना कल्हई आहेच, त्यामुळे नवं सोल्डर अगदी थोडं लागतं. बिटवर कणभर ओलं सोल्डर ठेवा, कारण कोरड्या बिटपेक्षा ओली बिट उष्णता झटकन देते. ते जोडण्यासाठी नाही, ताप पोचवण्यासाठी आहे. बिट तारेवर टेकवून तार पत्तीकडे दाबा. एक क्षण काही होत नाही, मग दोन्ही थर एकदम एकमेकांत विरघळतात. ते डोळ्यांना दिसतं. लागल्यास सोल्डर वायरचं टोक जोडाच्या दुसऱ्या बाजूला टेकवा. आयर्न काढा आणि तीन सेकंद हात, केबल, श्वास काही हलवू नका. फुंकर घालू नका. घाईने गार केलेला जोड आतून भेगाळतो.

चांगला जोड तारेकडून पत्तीकडे उताराने गेलेला असतो, कडेला पातळ. मण्यासारखा गोल, कडेला आत वळलेला दिसला तर खालचा धातू तापलेला नव्हता. करडा, दाणेदार दिसला तर गोठताना हलला. दोन्हींवर उपाय एकच: थोडी फ्लक्स पेस्ट, अर्थात राळेची, लावून पुन्हा तापवा. नवं सोल्डर ओतत जाऊ नका. तीन वेळा जमलं नाही तर विकने, म्हणजे सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीने, सगळं उचलून घ्या, पिन गार करा, चहा पिऊन या. (हात धुऊन.)

टिप आणि रिंगच्या जोडांवर छोटी श्रिंक स्लीव्ह हवी असेल तर ती तारेत आधीच ओवलेली असायला हवी, आणि जोडाच्या तापाने ती वाटेतच आक्रसू नये म्हणून दूर मागे सरकवलेली. ३.५ मिमीच्या पिनेत मात्र जागा इतकी कमी असते की कधी स्लीव्ह बसतच नाही. तिथे दोन पत्त्यांमध्ये पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवतात. बऱ्याच पिनांसोबत त्यासाठी पारदर्शक नळी येते. ती फेकू नका. तीही आधीच ओवायची असते, हे वेगळं सांगायला हवं का?

आता पाकळ्या. त्यांनी बाहेरचं आवरण पकडलं पाहिजे, आतल्या तारा नव्हेत. ओढ बसली तर ती आवरणावर बसावी, जोडावर नाही. कारखान्याची केबल मरते ती याच ठिकाणी कंजुषी केल्यामुळे. केबल बारीक असेल तर आवरणावर श्रिंक स्लीव्हचे एक-दोन थर चढवून जाड करा. पक्कडीने एक पाकळी, मग दुसरी, हळूच. केबल मागे ओढून सरकत नाही इतपत. जोरात दाबलं तर पाकळीची कड आवरण फाडून आत जाते. काही जण कव्हरमध्ये ग्लू गन रिकामी करतात. पुढे कधी दुरुस्ती करायची वेळ आली की त्यांना स्वतःचाच राग येतो.

कव्हर फिरवताना केबल नाही, कव्हर फिरवा. केबल फिरली की आत तारा पिळतात.

तपासणी

दुसरं टोकही झालं की टिप ते टिप, रिंग ते रिंग, स्लीव्ह ते स्लीव्ह बीप आली पाहिजे, आणि एका टोकाच्या तिन्हींमध्ये एकमेकांशी अजिबात येता कामा नये. सळया लावलेल्या असताना पिनेच्या मागे केबल वाकवा, फिरवा. बीप तुटक आली तर तो जोड आजच पुन्हा करा.

मग हेडफोन जोडून मीटर ओहमवर घ्या, हेडफोन कानावर न ठेवता. टिप आणि स्लीव्हमध्ये जो आकडा येईल तोच, थोड्या फरकाने, रिंग आणि स्लीव्हमध्ये यायला हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला तिशीच्या आसपास. टिप आणि रिंगमध्ये त्याच्या दुप्पट, कारण दोन्ही कान एकामागे एक लागतात. सळई टेकवताना वाटीतून बारीक ‘कट्’ ऐकू येतं, त्यावरून डावा-उजवा बरोबर आहे हेही कळतं.

गाणं लावल्यावर गायकाचा आवाज गायब आणि वाद्यं कुठूनतरी दुरून येतायत असं वाटलं तर ग्राउंड तुटलेलं आहे. दोन्ही कान एकामागे एक लागून फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो, आणि गायक दोन्हींत सारखा असल्याने वजा होतो. हे एकदा ऐकलं की आयुष्यभर ओळखता येतं.

जुन्या इअरफोनची पिन बदलताना

नवी केबल न करता तुटलेली पिन छाटून नवी लावायची असेल तर एक अडचण हमखास येते. आत लाल, हिरव्या किंवा निळ्या आणि तांबूस अशा केसाएवढ्या तारा निघतात, आणि त्यांना सोल्डर धरतच नाही. तो रंग म्हणजे मुलामा आहे, एनॅमल. प्रत्येक केसावर तो असतो, त्यामुळे बीपही येत नाही. तारांसोबत पांढरा धागा असतो तो मजबुतीसाठी. तो आधी कात्रीने छाटा, नाहीतर जळून जोडात अडकतो. मग आयर्न ३८० ते ४०० अंशांवर घ्या, बिटवर सोल्डरचा भरपूर थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात बुडवून ठेवा. थोडा धूर निघेल, दोन-चार सेकंदांत एनॅमल जळून तार चंदेरी होईल. ब्लेडने खरवडायला जाल तर तारच तुटेल. बहुतेक इअरफोनमध्ये लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांबूस ग्राउंड. पण जोडण्याआधी मीटरने एकदा पाहाच.

माइक असलेल्या चार पट्ट्यांच्या पिनेत आजकालच्या फोनसाठी क्रम टिप डावा, पहिली रिंग उजवा, दुसरी रिंग ग्राउंड, स्लीव्ह माइक असा असतो. जुन्या काही फोनमध्ये शेवटचे दोन उलटे असत.

चार सुट्या तारांची केबल

माइक केबल जाड वाटत असेल तर चार सुट्या मऊ तारा घेऊन वेणी घाला. तिपेडी नव्हे, चौपेडी. सर्वांत उजवीकडचा पेड मधल्या दोघांच्या मागून न्यायचा आणि त्यातल्या पलीकडच्याच्या वरून परत आणायचा. मग सर्वांत डावीकडचा तसाच उलट बाजूने. एवढंच आलटून पालटून. वेणी गोल होते आणि सुटत नाही. दीड मीटरच्या केबलसाठी मी प्रत्येक तार दोन मीटर घेतो. सैल घाला; घट्ट वेणी ताठ होते आणि कपड्यांवर घासली की कानात खरखर ऐकू येते.

बाकीचे कनेक्टर

एकेजीच्या के२४० किंवा के७०२ ला तीन पिनांचा छोटा एक्सएलआर (गोल कनेक्टर) लागतो: १ ग्राउंड, २ डावा, ३ उजवा. आकडे कनेक्टरवर बारीक अक्षरांत कोरलेले असतात, भिंग घ्या. इथे पत्तीऐवजी छोटे पेले असतात. पेल्यात आधी थोडं सोल्डर भरायचं, मग पेला तापवून कल्हई केलेली तार आत बुडवायची. पत्तीपेक्षा हे सोपं आहे.

ऑडिओ-टेक्निकाच्या एम५०एक्सला २.५ मिमीची, फिरवून अडकणारी पिन आहे. सॉकेट वाटीत खोल असल्याने जाड कव्हरची पिन टेकतच नाही. बारीक मानेची शोधावी लागते. खोलीची ही अडचण बऱ्याच हेडफोनांत येते, म्हणून मूळ पिनेच्या मानेची जाडी मोजून मगच खरेदी करा.

दोन्ही वाट्यांना वेगळी केबल लागणाऱ्या हेडफोनांत, उदाहरणार्थ सेनहायझरच्या एचडी ६०० मध्ये, प्रत्येक कानाला दोन तारा जातात, आणि एका कानाच्या उलट्या लागल्या तर आवाज येतो, पण बास पातळ होतो आणि गायक डोक्याच्या मधोमध न राहता पसरतो. त्यामुळे मूळ केबल तुटकी असली तरी टाकू नका. कोणती पिन कुठे जाते ते तिच्यावर मीटर लावून उतरवून घ्या. या दोन तारांपैकी एक धन, एक ऋण. साध्या पिनेत दोन्ही कानांच्या ऋण तारा स्लीव्हला एकत्र येतात. बॅलन्स्ड जोडणीत त्या वेगळ्याच राहतात: ४.४ मिमीच्या पिनेत टिपपासून क्रमाने डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण. चार पिनांच्या मोठ्या एक्सएलआरमध्येही १ ते ४ हाच क्रम. २.५ मिमीची बॅलन्स्ड पिन मात्र उलटी चालते, टिपपासून उजवा ऋण, उजवा धन, डावा धन, डावा ऋण.

बॅलन्स्ड केबलला पुढे साध्या ३.५ मिमीचा अडॅप्टर लावून फोनला जोडता येतं. उलट करायचं नाही. बॅलन्स्ड अँप्लिफायरच्या सॉकेटला साध्या पिनेचा अडॅप्टर बनवून लावला तर त्याच्या दोन ऋण वाटा, ज्या प्रत्यक्षात आवाजाने भरलेल्या असतात, एकमेकींवर आदळतात आणि अँप्लिफायर जळू शकतो. असा अडॅप्टर घरात बनवून ठेवूच नका. आज तुम्हाला माहीत आहे, सहा महिन्यांनी ड्रॉवरमध्ये तो दुसऱ्या कुणाला सापडेल.